सकाळच्या चहाबरोबर

पिंप्राळा, जळगाव
ता. ८ ऑगस्ट १९६८

चि. सौ. कुंदा हिस,

मंजुळावहिनीचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. नानांचा खोकला कमी आहे. तुझा दादा दवाखान्यात गुंतलेला असतो. आमचे डॉक्टर दोन गावांना जातात आणि मागे सगळा भार कंपाउंडरवर टाकतात, हे तुला माहीतच आहे. कानबाईच्या सणाचे रोट परवा संपले. यंदा तुझा हात नव्हता म्हणून सगळं दळण माझ्याच वाट्याला आलं. शालू आणि धाकटी मजेत.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चार पानं! कुंदे, माझ्या आईच्या घरात राहून एखाद्या सुनेला चार पानं लिहायला सवड मिळते, हे मी पहिल्यांदाच पाहते आहे. शेवटच्या पानावर तुझी अक्षरं ओळ सोडून खाली घसरली आहेत, तिथं तुला झोप लागली असणार. मॅट्रिकच्या परीक्षेत तुझ्या अक्षराचं कौतुक झालं होतं ना? आता पाहा.

लेकीचं पत्र म्हणून नानांना मीच ते वाचून दाखवलं. त्यांच्या मोतीबिंदूमुळे त्यांना आता पाकिटावरचं नावही दिसत नाही. सगळं वाचलं नाही. दिवसभर डोळ्यांवर झापड असते, भाकरी तव्यावर जळते, हाताला चटका बसला, हे म्हाताऱ्या माणसाला ऐकवून काय मिळवायचं? धुळ्यात पांझरेला पाणी आलं तेवढं वाचलं. ते खूश झाले.

आता तुझ्या मुख्य विचारण्याकडे येते. गोळी बंद करू का, असं तू विचारतेस. नको. तुझ्या अंगावर पित्त उठायचं ते तू विसरलीस का? मी विसरले नाही. वर्षभर मी तुला गेरू लावला, आमसुलाचं पाणी चोळलं, घोंगडीवर लोळवलं. संध्याकाळ झाली की तुझ्या पोटावर, मांडीवर, मानेवर तळहाताएवढ्या गांधी. परकराची नाडी बांधायची तिथं तर लालभडक पट्टा. ओठ सुजला की तू आरशासमोरून हलायची नाहीस. गल्लीतल्या बायका कुजबुजायला लागल्या होत्या, पोरीला कसला रोग आहे म्हणून. शेवटी तुझ्या दादानं डॉक्टरांना विचारलं आणि या पित्ताच्या गोळ्या आल्या. घेतली की तासाभरात अंग साफ. घेतली नाही की संध्याकाळी पुन्हा तेच.

आणि माझी आई तुला पाहायला आली तो दिवस आठव. माझं लग्न या घरात झालं तेव्हाच ठरलं होतं. मी इकडे, आणि पाच वर्षांनी तू माझ्या भावाला, हिलालला. साटंलोटं म्हणजे तराजू. एक पारडं खाली ठेवलं की दुसरंही ठेवावं लागतं. आईनं माझ्या लग्नातच सांगून ठेवलं होतं, की पोरीत खोट निघाली तर मंजुळाला परत घेऊन जाईन. त्या दिवशी सकाळीच तुझ्या गळ्यावर चट्टे उठले होते. मी एकाऐवजी दोन गोळ्या दिल्या. आई आली तेव्हा तुझं अंग धुतल्या तांदळासारखं स्वच्छ होतं, फक्त डोळे उघडत नव्हते. तू मान खाली घालून बसलीस, विचारलं तेवढ्याला हूं म्हणालीस, चहाचा कप देताना तुझा हात इतका सावकाश आला की मला वाटलं, मध्येच थांबतो की काय. आई तुझे पाय पाहून, तळवे पाहून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “पोर गाय शे. बठ्ठ्या पोरी देख्यात मी, पन आशी गरीब पोर देखी नही.”

मला हसू आवरेना. तू आणि गरीब! शेजारणीच्या कोंबडीशीसुद्धा भांडणारी तू. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. आईनं गाय पसंत केली, आता तुला गाय होऊन राहायचं आहे. त्यात वाईट काही नाही. गायीला दोन वेळा चारा मिळतो.

तुमच्या शेजारच्या मंदाबाई नर्स आहेत म्हणून त्यांचं ऐकू नकोस. गोळी रात्री झोपताना घ्यायची असते, असं त्या म्हणतात. त्यांना इस्पितळातलं माहीत, तुझ्या अंगाचं मला माहीत. तू सकाळच्या चहाबरोबरच घ्यायची, रोज, नागा न करता. पुना कंडक्टर शनिवारी जळगाव-धुळे गाडीवर असतो. त्याच्या हाती साठ गोळ्यांची पुडी दिली आहे. हिलालदादा एस.टी.च्या वर्कशॉपातच असल्यामुळे पुडी घरपोच येईल.

आईला माझा नमस्कार. तिच्यासमोर गोळी घेताना लपवत जा. विचारलंच तर शक्तीची आहे म्हण.

तुझी वहिनी,
सौ. मंजुळा


पिंप्राळा
ता. २१ जानेवारी १९६९

सौ. कुंदा हिस,

आशीर्वाद. तिळगूळ पाठवते आहे. घे आणि गोड बोल. बोलतेस पुष्कळ, असं ऐकलं. गोड किती, ते कळलं नाही.

संक्रांतीला आई इथं येऊन गेली. दोन दिवस राहिली आणि दोन दिवस एकच विषय. सून सासूला उलटून विचारते. सून शेजारणीकडून वर्तमानपत्र आणून वाचते. सून आमटीत मीठ जास्त झालं तर रडत नाही, पाणी घालते आणि हसते. सून जेवताना नवऱ्याशी बोलते, आणि हिलाल, जो बत्तीस शब्दांत महिना काढायचा, तो मोठ्यानं हसतो. आईनं हे असं सांगितलं, जसं काही घरात चोर शिरला आहे.

शेवटी चुलीपुढं बसून म्हणाली, “मी देखेल व्हती ती पोर हाई नही. तू माले फसाडं.” मी म्हटलं, आई, तसं नाही. तर म्हणते, “तुनी नणीन तुना घर, मनी पोर मना घर. मंग देख.” हे तिनं शालूसमोर सांगितलं. शालू तीन वर्षांची आहे, पण तिला कळलं की आजी आईला घेऊन जाणार. ती रात्रभर माझा पदर धरून झोपली. हे तुला मुद्दाम सांगते आहे.

तुझ्या पत्रावरून कळलं की दिवाळीपासून तू गोळ्या बंद केल्यास. मला न विचारता! मंदाबाईंनी सांगितलं म्हणून! आणि अडीच महिन्यांत अंगावर एकही गांध उठली नाही, हे तू असं लिहितेस जसा काही पहिला नंबर आला. डोकं स्वच्छ झालं, सकाळी उठल्यावर सकाळ असल्यासारखं वाटतं, पुन्हा पुस्तक वाचावंसं वाटतं. वाचून मला बरं वाटलं. खरंच वाटलं. आणि लगेच पुढची ओळ वाचली. यांनी बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज आणून दिला आहे, जूनमध्ये मुलाखत आहे, दोन वर्षांत मी मास्तरीण होईन, वहिनी, तू आईंना समजाव.

मी समजावू? मला काय दुसरं काम नाही?

कुंदे, थोडं स्पष्ट लिहिते. आपण दोघी एकमेकींच्या वहिन्याही आहोत आणि नणंदाही. तुझा भाऊ माझा नवरा, माझा भाऊ तुझा नवरा. तू तिथं पाय आपटलास की इथली भिंत हलते. तुला शिकायचं आहे, तू मास्तरीण होशील, पर्स घेऊन आग्रा रोडनं चालत जाशील, आणि माझी आई इथं येऊन माझं बोचकं बांधील. माझ्या दोन पोरींनी कुणाकडं पाहायचं? तुझ्या दादाला एका शब्दानं हे विचार. तो काय म्हणेल ते मी सांगते. काहीच म्हणणार नाही. तो दुसऱ्याच्या जखमा बांधतो, स्वतःच्या घरचं काही दिसलं की सायकल काढतो.

आणि पित्त गेलं म्हणून नाचू नकोस. असं पित्त दडून बसतं. अंगावर आलं नाही म्हणजे गेलं असं नाही. गोळी चालू कर. साठ पाठवते आहे. सकाळच्या चहाबरोबर.

नानांना तू बरी आहेस असं सांगितलं. अर्जाचं सांगितलं नाही.

तुझी नणंद,
मंजुळा


पिंप्राळा
ता. १४ जून १९६९

प्रिय कुंदा हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. तेवीस तारखेला, सोमवारी मुलाखत, हे वाचून आनंद झाला. माझं मागचं पत्र जरा तिखट होतं, ते मनात ठेवू नकोस. थंडीत माझी जीभ बिघडते.

वैशाखात आखाजीच्या सणाला मी धुळ्याला आले तेव्हाच मला तुझं खरं रूप दिसलं. आठ दिवस मी झोक्यावर बसले आणि तू आम्हां माहेरवाशिणींना सांजोऱ्या तळून घातल्यास. तुलाही माहेरी यायचं होतं, हे मला दिसत होतं. पण मी आले म्हटल्यावर आई तुला कशी सोडणार? चुलीपुढं कुणीतरी हवंच. पुढच्या वर्षी तू ये, मी जाणार नाही, असं ठरवू.

एका संध्याकाळी तू हिलालदादांच्या वर्कशॉपच्या साहेबांची नक्कल केलीस. पाट पालथा घालून, त्यावर उभी राहून. हिलालदादा भिंतीला टेकून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. मला आठवतं तसं, त्या घरात आमचे वडील होते तेव्हाही कुणी असं हसलं नव्हतं. मग तू सहावीचं भूगोलाचं पुस्तक काढून शालूला नकाशा दाखवत बसलीस, गिरणा कुठून येते, तापी कुठं जाते. शालू अजून विचारते, मामी केव्हा येणार.

तर मुलाखतीला जाताना निळं लुगडं नेस, पिवळं नको. पिवळ्यात तू आजारी दिसतेस. उपाशीपोटी जाऊ नकोस. सकाळी आईच्या हातचा चहा घे, तिच्या पाया पड आणि नीघ. मी तिला समजावलं आहे. ती आता काही म्हणणार नाही. उलट सकाळचा चहा तिनं हल्ली आपल्याकडं घेतला आहे असं तू लिहिलंस, यावरूनच समज, की म्हातारी वितळते आहे. तिला नाही म्हणू नकोस. वडीलधाऱ्यांच्या हातचं नाकारून चांगल्या कामाला जाऊ नये.

हल्ली पुन्हा जरा सुस्ती वाटते, असं तू शेवटी लिहितेस. उन्हाळा आहे. इथं आम्हीही सगळे पेंगतो.

देव तुला यश देवो.

तुझी,
मंजुळावहिनी


पिंप्राळा
ता. २८ सप्टेंबर १९६९

कुंदा,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. पुनाच्या हाती देते आहे आणि त्याला सांगितलं आहे, की कुंदाबाईच्या हातात द्यायचं, हिलालकडंही नाही. तू एकटी असताना वाच.

इकडची खुशाली लिहीत नाही. सगळे जिवंत आहेत.

तुझं पत्र येऊन आज अठरा दिवस झाले. तू लिहिलंस की तिसरा महिना लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तुझी आई नाही, तेव्हा वहिनी, तूच माझी आई, मी फाल्गुनात तुझ्याकडं येते. मुलाखतीचं तू आधी एका ओळीत कळवलं होतंस, जमलं नाही एवढंच. या वेळी सगळं लिहिलंस. टेबलामागं तीन माणसं होती. तुला तिसरीच्या पुस्तकातला धडा वाचायला दिला. तू एकच ओळ दोनदा वाचलीस. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तो तुला ऐकू आला पण त्याचा अर्थ लागायला इतका वेळ लागला की त्यांनी तिसरा विचारला. त्यातल्या बाईंनी विचारलं, “तुम्हाला बरं नाही का?” आणि तू “हो” म्हणालीस, कारण तेवढाच शब्द जवळ होता. बाहेर बाकावर बसल्या बसल्या तुला झोप लागली, दुपारी झाडूवालीनं हलवून उठवलं. हिलाल फाटकाशी दोन तास उभा होता.

आणि मग तू लिहिलंस, “वहिनी, तुझंच खरं होतं. माझ्यात ते नाही. मधे सहा महिने उगाच वाटलं. माझं डोकं मुळात मातीचंच असेल. तुझं ऐकलं असतं तर हसं झालं नसतं.”

शिव्या दिल्या असत्यास तर मी गप्प बसले असते. मला शिव्या पचतात.

आता ऐक. डॉक्टरांनी तुझ्या दादासमोर मला सांगितलं होतं, ही गोळी रात्री झोपताना द्या, कारण हिनं गुंगी येते. चुलीपाशी, विहिरीपाशी जपायला सांगा. सहा महिने द्या आणि मग बंद करून पाहा, हे पित्त कशानं येतं ते पुष्कळदा कळत नाही, आणि येतं तसं आपलं आपण जातंही. हे सगळं त्यांनी नीट, दोनदा सांगितलं. तुझ्या दादाला वाटलं, मी तुला सांगितलं असेल. मी तुला सांगितलं, सकाळच्या चहाबरोबर. मंदाबाई बरोबर होत्या. तुझ्या हातावरचा चटका माझा आहे.

हे पहिलं. दुसरं याहून वाईट आहे.

आखाजीला येताना माझ्या पिशवीत नव्वद गोळ्या होत्या. आईला मी सांगितलं, की कुंदाला पित्ताचा आजार आहे, लग्नाच्या आधीपासून आहे. ती उठून उभी राहिली. मी म्हटलं, थांब, औषध आहे. ती गोळी घेत होती तोवर गरीब होती, तूच पाहिलीस. तिनं औषध सोडलं, आणि पित्त अंगावर यायचं ते डोक्यात गेलं. म्हणून वटवट, म्हणून पुस्तकं, म्हणून हसणं. आईला हे लगेच पटलं. तिच्या आईनं तिला असंच सांगितलं होतं, की दाबलेलं पित्त मस्तकात जातं आणि बाई बिघडते. मी काही नवीन रचलंच नाही, तिच्याच पेटीतलं काढून तिला दिलं. कुंदा स्वतःहून घेणार नाही, म्हणून गोळी कुटून चहात घालायची, गूळ जास्त टाकायचा, म्हणजे कडू लागत नाही. पहिली गोळी मी स्वतः पाट्यावर वाटून दाखवली. तू तेव्हा बाहेर शालूला नकाशा दाखवत होतीस.

मुलाखतीच्या दिवशी दोन घाल, असं मी आईला पुनाच्या तोंडी कळवलं. पुनाला वाटलं, औषधाचं आहे. त्याला काही म्हणू नकोस. तुला पसंत करताना दोन दिल्या होत्या, तुला नापास करतानाही दोन पुरल्या.

तू म्हणशील, वहिनी, भीतीपोटी केलंस. तुझ्या पोरींसाठी केलंस. मीसुद्धा कित्येक दिवस स्वतःला हेच सांगितलं, आणि तुला सांगून इथं पत्र संपवलं असतं तर तू मला क्षमाही केली असतीस. तू तशीच आहेस. पण आखाजीला मी धुळ्यात आठ दिवस होते. मी डोळ्यांनी पाहिलं, की हिलाल तुला परत पाठवणार नाही. आईनं डोकं आपटलं असतं तरी पाठवलं नसतं. तो भिंतीला टेकून हसत होता तेव्हाच माझी भीती गेली. माझं बोचकं बांधणारं कुणी उरलं नव्हतं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाटा मांडला.

मी सातवीला केंद्रात पहिली आले होते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. माझ्या मास्तरांनी घरी येऊन आईला सांगितलं, पोरीला पुढं शिकवा. आईनं त्यांना चहा दिला. पुढच्या वर्षी मी इथं, तुमच्या घरी, तुझे केस विंचरत होते. तू तेरा वर्षांची होतीस आणि शाळेत जात होतीस, कारण तुझी पाळी पाच वर्षांनी यायची होती. मी भाकरी बांधून द्यायची आणि तू आल्यावर मला धडा वाचून दाखवायचीस. वहिनीला समजावं म्हणून सावकाश वाचायचीस. सावकाश, कुंदा! मला तो धडा पाठ होता.

मग तू माझ्याच आईच्या घरात, माझ्याच भावाच्या पैशानं, मास्तरीण होणार. मी वटवट केली असती तर मला जे मिळालं असतं ते तुला मिळालं नाही, उलट हसणारा नवरा मिळाला. मला ते सोसवलं नाही. एवढंच आहे. याच्याखाली आणखी काही नाही, मी शोधून पाहिलं.

नानांनी आखाजीच्या आधी मला बोलावून सांगितलं होतं, “मनी पोरले लई ये.” तुला माहेरी आणण्याबद्दल मी धुळ्यात तोंडसुद्धा उघडलं नाही. परत आल्यावर म्हटलं, कुंदाच नको म्हणाली.  त्या दिवसापासून त्यांनी तुझं पत्र वाचून दाखव असं म्हणणं सोडलं आहे.

एवढं सगळं मी तुला का सांगते आहे? पश्चात्ताप झाला म्हणून नाही. तसं म्हणता आलं असतं तर बरं दिसलं असतं. तुला दिवस राहिले हे कळल्यावर मी तुझ्या दादाला सहज विचारल्यासारखं विचारलं, की पोटुशीला पित्ताची गोळी चालते का. तो म्हणाला, अशा दिवसांत डॉक्टरला विचारल्याशिवाय कुठलंच औषध द्यायचं नाही, कशानं काय होईल सांगता येत नाही. का गं, कुणाला? मी म्हटलं, शेवंताबाईच्या सुनेला. त्यानं मान डोलावली आणि सायकल काढली.

मी त्याच दिवशी आईला निरोप पाठवला, की औषध बंद कर. पुना चार दिवसांनी उत्तर घेऊन आला. त्यानं ते तिच्याच शब्दांत सांगितलं, “मंजुळाले सांग, आते पोर सुधी शे. औषध बंद करानं नही.” मी दिलेल्या गोळ्या श्रावणातच संपल्या. ती तिथल्याच दुकानातून आणवते आहे, पुडीचा रिकामा कागद दाखवून. मी पुन्हा निरोप पाठवला, पोटातल्या लेकराचं सांगितलं. तर म्हणे, मला शिकवू नकोस, मी पाच बाळंतपणं केली आहेत. तिला मी एक गोष्ट पटवली, ती आता माझ्याच्यानं निघत नाही. तिच्या हाताला गाय लागली आहे, ती सोडणार नाही.

म्हणून तुला सांगावं लागतं आहे. दुसरा उपाय असता तर हे पत्र तू कधीच पाहिलं नसतंस.

आईला वाटतं ती तुझं भलं करते आहे, तेव्हा तिच्याशी भांडून उपयोग नाही. मंदाबाईंना मात्र सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग, आणि त्यांच्याबरोबर इस्पितळात जाऊन पोट दाखव. हिलालला सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगितलंस तर तो इथं येईल. आला तर मी दाराशी उभी राहीन, लपणार नाही.

फाल्गुनात तुला इथंच यावं लागेल, रीत आहे. शेक, डिंकाचे लाडू, न्हाऊ घालणं, सगळं मीच करणार, दुसरं कोण आहे? माझ्या हातचं खायचं नसेल तर चूल वेगळी मांडून देईन. माझ्याकडं पाहू नकोस, बोलू नकोस, मी काही म्हणणार नाही. पण मला आई म्हणू नकोस.

तुझं डोकं मातीचं नाही. पुढच्या जूनला अर्ज भरायचा असेल तर भर. मला मात्र कळवू नकोस. मी स्वतःला ओळखते. कळलं तर आनंद होईल असं मी आजही लिहून देऊ शकत नाही.

हे पत्र जाळू नकोस, जवळ ठेव. उद्या मी नाही म्हणाले तर दाखवायला.

उद्यापासून आईच्या आधी ऊठ, आणि सकाळचा चहा आपल्या हातानं करून पी.

मंजुळा